लेबल नसलेले डबे

ग्रेनोबल,
२६ जून

चि. एल्झेआर यास,
होनोरीनचे अनेक आशीर्वाद.

सेंट जॉनच्या सणाची तुझी तेलाची कुपी परवा सुखरूप पोहोचली. मी घर सोडल्यापासून ती एकाही वर्षी चुकलेली नाही, आणि या नेमाबद्दल तुझे आभार मानणे मला कधी पुरेसे जमलेले नाही. यंदा मात्र आभारांच्या आधी काही प्रश्न विचारणे भाग आहे.

नेहमीप्रमाणे मी तीन थेंब रुमालावर टाकले. वरच्या शेताचे तेल कसे असते हे तुला सांगण्याची गरज नाही. ते पहिल्या क्षणी गप्प असते. या कुपीतले तेल बूच काढताच खोलीभर ओरडले. त्यात कापूर होता. ते आपले अस्सल लॅव्हेंडर नव्हे. ते खालच्या शेतातल्या लॅव्हेंडिनचे, साबणवाल्यांना जाणाऱ्या संकरित झाडाचे तेल आहे. तळघरात दोन्ही डबे शेजारी असतात, आणि आपल्या घरी डब्यांवर लेबल कधी लावत नाहीत. ज्याला नाक नाही त्याने लेबल लावावे, असे वडील म्हणत. मी चौदाव्या वर्षीच त्यांना सांगितले होते की हा युक्तिवाद नाक शाबूत आहे तोवरच टिकतो. त्यावर त्यांनी मला बकऱ्या हाकायला पाठवले.

दुसरी गोष्ट. मे महिन्याच्या पत्रात तू लिहिलेस की चुलीवरचे हरभरे जळाले आणि डोळ्यांत धूर गेला तेव्हा तुला कळले. तिसरी गोष्ट. ईस्टरला तू तुझ्या लेकीपुढे, सिदोनीपुढे, नासके दूध ठेवलेस आणि स्वतः वाडगाभर प्यालास. हे तिनेच थट्टेने कळवले होते. यांतली एकेक गोष्ट काहीच सिद्ध करत नाही. तिन्ही मिळून मात्र एकाच कारणाकडे बोट दाखवतात. ते कारण मी लिहीत नाही. ते तू लिहावेस.

तुझ्या स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर आहे, एवढेच आठवण करून देते. उत्तर लवकर यावे.

तुझी काळजी वाहणारी,
होनोरीन

*

ला रोश,
१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बसून वाचलं, कारण तुझी पत्रं उभ्यानं वाचायची नसतात हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. तू निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी पोरांच्या वह्या तपासायची सवय गेली नाही. फरक एवढाच की आता वर्गात मी एकटाच उरलोय.

तर ऐक. कुपी जुनी होती, आधी तिच्यात लॅव्हेंडिन असणार, मी नीट धुतली नसेन. दूध मी प्यालो कारण मी शेतकरी आहे, फेकवत नाही. हरभरे जळाले कारण त्या वेळी अंगणात टपालवाला गप्पा मारत बसला होता, आणि त्याला थांबवणं देवाच्याही हातात नाही. झालं समाधान? नसेल झालं. तुझं कधी होत नाही.

इकडे सिदोनीच्या सहलीची गडबड आहे. हा तिचा तिसरा उन्हाळा. तिच्या गाडीत सहाच पाहुणे मावतात आणि तिला सहाच हवे असतात; मोठ्या बसवाले रस्त्याकडेला थांबून फोटो काढतात नि जातात, आपण माणसांना वास दाखवायचा, असं ती म्हणते. १५ ते १८ जुलै. तीन दिवस पठारावर फिरवेल, बकरीचं चीज खायला घालेल, मधाच्या पेट्या दाखवेल, आणि शेवटच्या दुपारी आपल्या तेलाच्या भट्टीवर आणेल. कागदावर छापलंय तिनं, ‘पठाराचं नाक’. म्हणजे मी. माझे डोळे बांधायचे, चार शेतांच्या चार कुप्या पुढे करायच्या, आणि कुठली कुठल्या शेताची ते मी सांगायचं. गेल्या वर्षी लोक टाळ्या वाजवत उभे राहिले होते. यंदा निम्मे लोक त्यासाठीच येतायत म्हणे.

मी रोज सकाळी कुप्या मांडून सराव करतो.

तुझ्या शंका सिदोनीला कळवू नकोस. तिच्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहे.

तुझ्या रागातही जागा मागणारा,
एल्झेआर

*

ला रोश,
५ जुलै

ती. होनोरीन आत्यास,
सिदोनीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितेय, पण खरं सांगायचं तर हे फोनवर बोलवलंही नसतं.

आत्या, बाबांचं काहीतरी बिनसलंय. पाच महिने मी बघतेय. जेवायला बसले की ताटाकडे बघतच राहतात. तुळस-लसणाचं सूप केलं तर विचारतात, आज काय आहे. समोर हिरवंगार दिसत असताना. कापणीच्या आधी ते रोज वरच्या शेतात जाऊन फुलांच्या दोन दांड्या चुरडून हुंगायचे आणि कापायचा दिवस सांगायचे. यंदा त्यांनी मलाच विचारलं, तुला काय वाटतं. मला! मी चाळीस वर्षांची झाले तरी माझ्या हातात त्यांनी कधी दांडी दिली नव्हती. परवा मी तळघरात गेले तर ते डब्यांसमोर नुसते उभे होते, एकाचं झाकण उघडं, दुसऱ्याचं उघडं, आणि चेहरा असा की कुठल्या कामाला आलो तेच विसरलेत. मला बघून रागावले. ते माझ्यावर रागावत नसत.

शेजारच्या मादाम एस्कोफिएच्या नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. आधी ताट, मग नावं, मग घरचा रस्ता. मी मानोस्कमध्ये स्मृतीच्या डॉक्टरांकडे तीन ऑगस्टची वेळ घेतलीय. बाबांना सांगितलेलं नाही. पाहुणे गेले की भट्टी बंद करायची, तांब्याचं पिंप विकून टाकायचं आणि त्यांना माझ्याकडे खाली गावात न्यायचं, असं मनात आहे.

तुला त्यांच्या पत्रांत काही दिसलं का? तू कधी गोड बोलत नाहीस, म्हणूनच तुला विचारते.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
सिदोनी

*

ग्रेनोबल,
८ जुलै

चि. एल्झेआर यास,
अनेक आशीर्वाद.

तू ज्या गोष्टी नाकारल्यास त्यांतली प्रत्येक मी विचारली होती. जी विचारली नव्हती ती तू नाकारली नाहीस. निर्णय यावरून होतो.

तुझ्या मुलीचे पत्र आले आहे. मी पाहिले तेच तिनेही पाहिले, पण तिच्यापाशी तुझी कुपी नव्हती. म्हणून खऱ्या गोष्टींवरून तिने चुकीचा आणि अधिक भयंकर निष्कर्ष काढला. तिला वाटते तुझी बुद्धी चालली आहे. तिने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ती भट्टी मोडण्याच्या विचारात आहे. तिला काळजीतून वाचवण्यासाठी तू गप्प आहेस असे तुझे म्हणणे असेल. तर तुझ्या गप्प राहण्याने तिला मिळालेली काळजी, सांगण्याने मिळाली असती तिच्या कितीतरी पट मोठी आहे. या हिशोबात मला चूक दाखवून दे.

आता एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. शाळेतल्या शेवटच्या दोन वर्षांत मला मागच्या तीन बाकांवरचे काही ऐकू येत नव्हते. मी ओठ वाचत असे, आणि वाचता आले नाहीत तर मला हवा तो प्रश्न विचारला गेला असे धरून उत्तर देत असे. एके दिवशी एका मुलीने उठून काही विचारले. मी तिला तर्कशास्त्रातल्या निगमनाच्या दुसऱ्या प्रकारावर सुरेख व्याख्यान दिले. ती खाली बसली. तिने बाहेर जाण्याची परवानगी मागितली होती. तिची आई त्या सकाळी गेली होती. वर्गातल्या कुणीही मला ते सांगितले नाही, कारण सर्वांना माझा आदर होता. अशा आदराचा मला आजही उबग येतो.

सिदोनीला पाठवायचे उत्तर मी या पत्रासोबत जोडले आहे. पाकीट उघडे आहे, वाच. त्यावर तिचे नाव आहे, तिकीट नाही. ते तू तिच्या हाती द्यायचेस. मी तिला दुसरे काही लिहिणार नाही आणि खोटेही लिहिणार नाही. तिने पुन्हा विचारले तर मात्र मला उत्तर द्यावे लागेल.

तुझ्याकडून धैर्याची अपेक्षा ठेवणारी,
होनोरीन

*

ला रोश,
११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फेब्रुवारीपासून. पंधरा दिवस ताप होता, तो उतरला, आणि एका सकाळी कॉफीचं भांडं उघडलं तर आत काही नव्हतं. म्हणजे कॉफी होती. डॉक्टर म्हणाले येईल परत, काहींचा येतो. जुलै आला.

हे कसं असतं तुला सांगू? वरच्या शेतात उभा राहतो, फूल ऐन भरात, मधमाश्यांनी नुसतं गरजतंय, आणि मी काचेच्या पलीकडे. साठ वर्षं ज्या शेताला मी डोळे मिटून ओळखलं, ते मला ओळखच दाखवत नाही. तळघरात तासभर डबे उघडून बसलो होतो. वडील बरोबर म्हणायचे, लेबल कशाला. आता कुठला डबा कशाचा हे पठारावर एकालाही ठाऊक नाही, कारण ते फक्त मला ठाऊक होतं.

त्या शाळेतल्या मुलीबद्दल वाचलं. एवढी वर्षं तू एकटीनं बाळगलंस.

तुझा हिशोब बरोबर आहे. पण मला १८ तारखेपर्यंत वेळ दे. सिदोनीनं पाहुण्यांना शब्द दिलाय. मी एकदाच, शेवटचं, ते नाक होईन, आणि पाहुण्यांना सोडून ती परत आली की तिला पाकीट देईन. सोय केलीय. गेल्या वर्षीच्या खेळातल्या कुप्या कपाटात शेतांच्या क्रमानं तशाच होत्या, त्या कुठल्या आहेत हे मला पक्कं माहीत आहे. चारही बुचांवर चाकूनं खुणा केल्यात, एक खाच, दोन, तीन आणि एक बिनखाचेचं. डोळे बांधले तरी अंगठा मोकळा असतो.

पाकीट घड्याळामागे ठेवलंय. दर तासाला ठोका पडला की मला ते आठवतं.

क्षमा मागून,
एल्झेआर

*

ग्रेनोबल,
१३ जुलै

चि. एल्झेआर यास,
अनेक आशीर्वाद.

उद्या राष्ट्रीय सण, टपाल बंद. म्हणून हे घाईने. १८ तारीख मान्य करते, पटली म्हणून नव्हे. ग्रेनोबलहून तुला अडवता येत नाही म्हणून.

बुचे काढणारा माणूस ती त्याच कुपीला परत लावील, हे तू कशावरून गृहीत धरतोस?

आणि गॅस. आजच सिलिंडर बंद करून अंगणात ठेव. चार दिवस थंड जेवलास तर मरणार नाहीस. चूल पेटती ठेवून गोठ्यात गेलास तर मरशील. रोज रात्री मी त्या स्वयंपाकघराचा विचार करून जागी असते, आणि या वयात मला झोपेची चैन परवडत नाही असे नाही, झोप लागतच नाही.

तुझी,
होनोरीन

*

ला रोश,
१९ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळे ठीक आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

काल दुपारी पाहुण्यांना घेऊन मी भट्टीवर आले. सहाही जण खूश होते. दोन दिवस वाळवलेलं वरच्या शेताचं लॅव्हेंडर पिंपात भरून त्यांनी अनवाणी पायांनी तुडवलं, हसत-खिदळत, म्हातारा मस्यू देल्वो तर उतरेचना. बाबांनी झाकण बसवलं, खाली तेल काढून उरलेल्या चोथ्याचा जाळ घातला, आणि आम्ही सगळे सावलीत टेबलाशी बसलो. वाफ व्हायला वेळ लागतो, तोवर नाकाचा खेळ.

मी बाबांचे डोळे बांधले. त्यानंतर पाहुण्यांनी कुप्या फिरवून हुंगल्या. मादाम फान हूफ म्हणून एक बाई होत्या, गेंटच्या निवृत्त केमिस्ट, फार टापटिपीच्या. त्यांनी चारही बुचं काढून रुमालावर ओळीनं ठेवली, चारही तेलं हुंगली, आणि बुचं पुन्हा लावून दिली. मग मी एकेक कुपी बाबांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा बुचावरून फिरवला, बूच काढून कुपी नाकाशी धरली, आणि गंभीरपणे म्हणाले, वरचं शेत.

आत्या, ते लॅव्हेंडिन होतं. मी शेजारी उभी होते, माझ्या नाकात कापूर गेला. दुसरी कुपी, चूक. तिसरी, चूक. चौथीही. पाहुण्यांना काय कळणार, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाकून नमस्कार केला. आपल्या घरातलं मांजरसुद्धा ही चूक करणार नाही. मी हसरा चेहरा ठेवून मनात म्हटलं, तीन ऑगस्ट फार लांब आहे.

मग बाबा पाहुण्यांना भट्टीपाशी घेऊन गेले आणि नळीतून आधी पाणी कसं येतं, तेल त्यावर कसं तरंगतं ते सांगू लागले. मी टेबल आवरत होते. तेवढ्यात मला वास आला. जळका. आधी वाटलं चोथ्याचा आहे, पण तो गोड असतो. हा कडू होता, तांबं तापल्याचा. पिंपाच्या तळातलं पाणी संपलं होतं. जाळीवरची फुलं करपत होती. पाहुणे नाकाला रुमाल लावून उभे, त्यांना वाटलं असंच असतं. आणि बाबा, तापलेल्या पिंपाला जवळजवळ पाठ टेकवून, हसत, वडिलांच्या गोष्टी सांगत होते. सकाळी ते दर वेळी काठी बुडवून पाणी मोजतात. काल बुचांच्या नादात विसरले. हे त्यांनीच नंतर सांगितलं. एरवी विसरले असते तरी नाकानं सांगितलं असतं.

मी धावत जाऊन फावड्यानं जाळ बाहेर ओढला. पाहुण्यांना मागे ढकललं. बाबांच्या सदऱ्याची पाठ तपकिरी झाली होती. मी ओरडले, किती मोठ्यानं ते मला माहीत नाही. मी म्हटलं, तुम्हाला कळत कसं नाही, अख्खं अंगण जळतंय.

बाबांनी डोक्यावरची हॅट काढली. सगळ्यांसमोर म्हणाले, “सिदोनी, मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून.”

मग ते घरात गेले आणि तुझं पाकीट घेऊन आले. मी तिथंच, राख पसरलेल्या अंगणात, ते वाचलं. तुझं एवढंच वाक्य होतं: ‘तुझ्या वडिलांची स्मृती शाबूत आहे, त्यांचे नाक गेले आहे, आणि ते तुला सांगण्याइतके धैर्य त्यांना आज आले, याची नोंद घे.’ मी हसायला लागले. हसू थांबेना, मग रडू थांबेना, आणि मग मी बाबांशी जे बोलले ते इथं लिहीत नाही. पाच महिने मी त्यांना मनातल्या मनात घरचा रस्ता विसरायला लावत होते. तुझ्यावरही राग आहे आत्या, थोडा. तुला जूनमध्येच माहीत होतं.

मादाम फान हूफना बुचांचं कळलं तेव्हा त्या बिचाऱ्या लाल झाल्या. नंतर त्यांनीच पुढाकार घेऊन सगळ्यांना कामाला लावलं. करपलेला माल उपसला, पिंप घासलं. एकही जण लवकर निघाला नाही. मस्यू देल्वो बाबांना म्हणाले की त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि बायकोला अजून माहीत नाही. बायको उजवीकडेच उभी होती.

डॉक्टरांची वेळ मी रद्द केली नाही, फक्त डॉक्टर बदलले.

रागासकट तुझीच,
सिदोनी

*

ला रोश,
२५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सिलिंडर अंगणात आहे. सिदोनीनं विजेची शेगडी आणलीय, तिच्यावर हरभरे शिजायला वडिलांच्या प्रवचनाइतका वेळ लागतो.

आम्ही तळघरात तीन दिवस बसलो होतो, ती आणि मी. मी झाकण उघडायचं, तिनं हुंगायचं. पहिल्या दिवशी ती घाबरून प्रत्येक डब्यापाशी माझ्याकडे बघायची, जसं काही माझ्या तोंडावर उत्तर लिहिलंय. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, माझ्याकडे नाकाच्या जागी दगड आहे. तिसऱ्या दिवशी तिनं एक डबा नाकाशी नेला आणि म्हणाली, हे चॅपलखालचं शेत, पण पावसानंतर कापलेलं. बरोबर होतं. त्या वर्षी पावसानं मला दोन दिवस घरात कोंडलं होतं, मला नीट आठवलं. मी हिला एवढी वर्षं दांडी का दिली नाही, याचं उत्तर तू विचारू नकोस. ते मला माहीत आहे आणि ते चांगलं नाही.

आता प्रत्येक डब्यावर लेबल आहे. वडील वरून बघत असतील तर मला बकऱ्या हाकायला पाठवतील.

भट्टी पुन्हा लावली. पाणी मी काठीनं मोजलं, तिनंही मोजलं. जाळ कधी काढायचा ते तिनं सांगितलं. पहिल्या तेलाची कुपी सोबत आहे, जूनच्या कुपीच्या जागी. मी फक्त बूच लावलं. खाच नाही.

एक मागणं आहे. तेल कसं आहे ते मला लिही. सिदोनीला विचारलं तर म्हणते, छान आहे बाबा. छान म्हणजे काय? तू अचूक लिहितेस म्हणून तुला सांगतो.

मायेची थाप पाठीवर हवी असलेला,
एल्झेआर

*

ग्रेनोबल,
२९ जुलै

चि. एल्झेआर यास,
अनेक आशीर्वाद.

आधी माझी चूक. मी सर्व पत्रांत स्वयंपाकघराचा विचार केला. भट्टीचा एकदाही केला नाही. आगीची दोन ठिकाणे असताना मी एकच तपासले, आणि नेमके दुसरे पेटले. वर्गात अशा उत्तराला मी निम्मे गुण दिले असते. सिदोनीचा राग रास्त आहे; तिला वेगळे लिहिले आहे, या खेपेस तिकीट लावून.

तेलाविषयी. रुमालावर तीन थेंब, खिडकी बंद, सकाळी, उपाशीपोटी.

पहिल्या क्षणी काही नाही. खोलीत कुणी येऊन उभे राहिले आहे आणि अजून बोललेले नाही. मग थंड दगड. विहिरीच्या काठचा, ज्यावर आपण दुपारी पालथे पडून पाण्यात थुंकत असू. त्यानंतर वडिलांच्या हॅटच्या आतली पट्टी, कापणीच्या दिवसाच्या अखेरची. घाम आहे, पण आंबट नाही. मग बराच वेळ काही बदलत नाही. शेवटी, रुमाल वाळत आल्यावर, एक गोडवा; साखरेचा नव्हे, हिरव्या बदामाची साल नखाने सोलल्यावर नखाखाली राहतो तो. कापूर नाही. दोनदा तपासले. नाही.

निष्कर्ष: वरचे शेत, योग्य दिवशी कापलेले, योग्य क्षणी जाळ काढलेला. तुझ्या मुलीला नाक आहे.

आता तुझी पाळी. तुझे कान अजून चांगले आहेत. मी दहाव्या वर्षी नळीच्या तोंडाशी बसून तेलाचा पहिला थेंब पाण्यावर पडण्याची वाट पाहत असे. थेंब मला आजही दिसतो. त्याचा आवाज आठवत नाही. पुढच्या भट्टीला तिथे बस आणि तो कसा असतो ते मला लिही. सविस्तर, अंदाजे नको.

तोवर तुझ्या पत्राकडे कान लावून,
होनोरीन